सात लावले, सात उडाले

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या, पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून त्यावर लातूर रंगवून झालं. पाऊस तेवढा यायचा राहिला. शिरूर अनंतपाळच्या बाजारात लोक म्हणायचे, सायबांनी सगळी दप्तरं इकडं आणली, पावसाचा कागद तेवढा जुन्या जिल्ह्यात विसरले. हसण्यासारखे दिवस नव्हते, म्हणून लोक असल्या गोष्टींवर हसून घ्यायचे.

अशा दिवसांत मान होता तो विहिरी खोल करणाऱ्यांना, आणि त्यातही बार लावणाऱ्याला. विहिरीच्या तळाला खडक लागला की कंप्रेसरने त्यात भोकं पाडायची, भोकात दारू भरायची, वाती लावायच्या, पेटवायच्या आणि वर येऊन पळायचं. हे एवढंच काम असतं तर कुणीही केलं असतं. खरं काम त्यानंतरचं. वाती लहान-मोठ्या कापलेल्या असायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडायचे. लावणाऱ्याने दूर उभं राहून ते मोजायचे. जितके लावले तितके उडाले, तर त्याने काठावर येऊन मोठ्याने सांगायचं, "सात लावले, सात उडाले," आणि मगच बाकीच्यांनी खाली उतरायचं. एखादा कमी भरला, तर तो मुका बार. तो खडकात तसाच बसून राहतो, आणि पहारीचा घाव बसला की बोलतो.

म्हणून मोजायचं एकट्यानेच. बार उडत असताना बाकी कुणी तोंड उघडायचं नाही, बोटांवर मोजायचं नाही, मनातसुद्धा मोजायचं नाही, असा दंडक होता. लावणाऱ्याचा आकडा तोच आकडा. त्यावर कुणी विचारलं तर तो त्याचा अपमान समजायचा.

ग्यानोबाने अठरा वर्षं हे काम केलं होतं. दोन बार एकदम उडाले तर ऐकणाऱ्याला एकच वाटतो, पण ग्यानोबाला कळायचं. तो बार मोजताना चपला काढून उभा राहायचा. बार कानाला नंतर येतो, आधी तळपायातून वर चढतो, असं तो सांगायचा, आणि ते खरं असावं. अठरा वर्षांत त्याच्या आकड्यावर उतरलेल्या एकाही माणसाला ओरखडा आला नव्हता.

ओरखडा आला तो त्यालाच, आणि तोही बारामुळे नाही. गेल्या दिवाळीनंतर भोकरकडे काम चालू होतं. दगड वर ओढणाऱ्या यारीची बादली भरून वर चालली होती आणि तिच्यातला एक दगड सुटला. नारळाएवढा असेल. तो पंचवीस हातांवरून, तळाला उभ्या असलेल्या ग्यानोबाच्या डोक्यात पडला. त्याला नांदेडला नेलं. अकरा दिवस तो डोळे उघडेना. कावेरीबाई, त्याची बायको, दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसून होती. बाराव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि तिला "मावशी" म्हणाला. ती तशातही हसली, आणि मग जी रडायला लागली ती नर्सबाईने दटावलं तेव्हा थांबली.

दोन महिन्यांनी त्याला घरी सोडलं. डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा होता. तो म्हणाला, "मेंदूला मार बसलाय. हातपाय चालतील, बोलणं येईल. पण एका वेळी एकच काम करायचं. मोठा आवाज, गर्दी, घाई नको. वर्षभर जोखमीचं काम तर नकोच नको." ग्यानोबाने मान डोलावली. त्यातलं हातपाय चालतील एवढंच त्याने गावात सांगितलं.

आणि खरंच हातपाय चालत होते. मार लागून चार महिने होईतो तो पहिल्यासारखा दिसायला लागला. टाळूवर केस न उगवलेली जागा होती, ती रुमालाखाली झाकायची. पण आत काहीतरी निसटलं होतं, ते त्याचं त्याला कळत होतं. घरात निवांत असलं की तो शंभरपर्यंत मोजायचा, एकही चुकायचा नाही. मध्येच कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, की आकडा गेलाच. कुठवर आलो होतो ते आठवायचंच नाही. चहात साखर घातली की घालायची राहिली, हे त्याला चाखून बघावं लागायचं. बाजारात गेला तर लाउडस्पीकरच्या आवाजाने त्याला घाम फुटायचा आणि तो कुणाच्यातरी ओट्यावर बसून राहायचा. लोक म्हणायचे, अशक्तपणा हाय, जाईल. तोही म्हणायचा, जाईल.

घर कावेरीबाई चालवत होती. ती रोजगार हमीच्या खडीवर जायची. ग्यानोबा ओसरीवर बसून ती गेलेल्या वाटेकडे बघायचा आणि त्याला स्वतःचा संताप यायचा. बार लावणारा ग्यानोबा म्हणून त्याला चार तालुके ओळखत होते. बार लावणं सोडलं तर तो कोण होता, हे त्याला सांगता आलं नसतं.

चैत्रात माणिकप्पा आला. हा उदगीरचा, याचा कंप्रेसर आणि याचीच यारी. शिरूरपासून कोसभर अंतरावरच्या एका गावची पिण्याच्या पाण्याची विहीर खोल करायचं काम त्याला मिळालं होतं. गाव टँकरवर होतं, आणि टँकर दोन-दोन दिवस फिरकत नव्हता.

"काय ग्यानोबा, वळखतोस का?" माणिकप्पाने दारातूनच विचारलं.

"वळखत न्हाई तर काय, मालक. या, बसा."

"बसायला फुरसत न्हाई. डोकं पयल्यावानी चालतंय का, ते सांग."

"चालतंय."

"बघ बरं. दगड उचलायला मला माणसं हायत. मला मोजणारा पायजे. जमत नसंल तर तसं सांग, पाटी उचलायचं काम देतो. त्यात लाज न्हाई."

माणिकप्पा मनापासून बोलला होता. पण पाटी हा शब्द ग्यानोबाला झोंबला. "अठरा वर्षं मोजलं, मालक," तो म्हणाला. "आता काय इसरणार हाव?"

आत चुलीपाशी कावेरीबाईचा हात थांबला, पण ती बोलली नाही. परक्या माणसासमोर नवऱ्याला तोंडघशी कसं पाडायचं? तिने एवढंच सांगितलं, की मीही कामाला येते. माणिकप्पाला खाली पाट्या भरायला बायका हव्याच होत्या.

पहिल्या दिवशी ग्यानोबाने सहा बार लावले. हात आपोआप चालत होते. दारू भरणं, माती ठासणं, वाती कापणं, यात कुठेही अडलं नाही. बिडीने वाती पेटवताना त्याला इतकं बरं वाटलं, की चार महिने कुणा दुसऱ्याचेच गेले असं त्याला वाटलं. तो वर आला, लिंबाखाली चपला काढून उभा राहिला. खालून पहिला बार उडाला. एक. दुसरा उडाला. दोन. तिसऱ्याला त्याचं सगळं अंग दचकलं, आणि त्या दचक्यात आकडा गेला. हा तिसरा की चौथा? तोवर पुढचा उडाला. मग आणखी एक, की दोन. मग शांतता.

सगळे त्याच्याकडे बघत होते. दंडकाप्रमाणे कुणी बोलत नव्हतं. वर उडालेली धूळ खाली बसत होती. ग्यानोबा काठावर गेला आणि त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले. "सहा लावले, सहा उडाले."

बायका बादलीत बसून खाली गेल्या. त्यांत कावेरीबाई होती. दिवस मावळेपर्यंत ग्यानोबा काठावर उभा होता. खाली पहार वाजली की त्याचे दात दातांवर बसायचे. त्या दिवशी काहीच झालं नाही. सहाच्या सहा उडाले होते, किंवा नशीब जागं होतं.

संध्याकाळी घराकडे येताना त्याने कावेरीबाईला खरं सांगितलं. ती वाटेतच थांबली.

"मी खाली व्हते," ती म्हणाली. "आवं, मी खाली व्हते की!"

"ठावं हाय."

"ठावं असून मनलाव?"

तिने त्याला मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती मारणारी नव्हती. ती पुन्हा चालायला लागली, आणि वाटेत तिने विचारलं, "मालकाला सांगायचं का?" त्याने नको म्हटलं. तो नको इतक्या गयावया करून म्हणाला, की दवाखान्यात आपल्याला मावशी म्हणणारा माणूस तिला आठवला, आणि तिथेच तिचं चुकलं. कीव आली की माणसाचं असंच चुकतं. तिने ती जोखीम आपल्याही अंगावर घेतली. ती म्हणाली, "मी मोजते. तुमी निस्तं बोला."

ठरलं ते असं. किती बार लावले ते ग्यानोबा पेटवायच्या आधी सगळ्यांना मोठ्याने सांगायचाच. बार उडत असताना कावेरीबाईने बायकांत बसून मनातल्या मनात मोजायचं. पुरे झाले तर तिने उठून पदर खोचायचा. कमी भरला तर बसून राहायचं. ग्यानोबाने तिच्याकडे बघून आकडा पुकारायचा. बाईने बार मोजणं हे त्या धंद्यात कुणी ऐकलंही नव्हतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट तिने स्वतःची स्वतः ठरवली, त्यालाही न सांगता. पहिल्या बादलीत ती बसायची. आकडा आपला, तर पाय आधी आपला.

नऊ दिवस हे बिनबोभाट चाललं. विहीर दहा हात खाली गेली. गावातल्या बाया रोज येऊन काठावरून डोकावायच्या, ओल लागली का विचारायच्या. माणिकप्पा खुश होता. ग्यानोबाची मान ताठ झाली, चालणं बदललं. आपण फसवत आहोत हे तो दिवसातून काही वेळ विसरायचाही. तिला मात्र विसरता येत नव्हतं. पाट्या भरणाऱ्या चौघींत पार्वतम्मा म्हणून एक थोराड, तोंडाने फटकळ बाई होती. ती दुपारी आपली चटणी कावेरीबाईच्या भाकरीवर ठेवायची आणि म्हणायची, "तुझा नवरा हाय मनून बिनघोर उतरताव बग. न्हाई तर या धंद्यात कोण कुणाचं?" कावेरीबाईला तो घास उतरायचा नाही.

अकराव्या दिवशी सात बार लावले. खडक आता काळा, कणखर होता. ग्यानोबाने "सात!" म्हणून सांगितलं, वाती पेटवल्या, वर आला, लिंबाखाली उभा राहिला. चपला काढायची सवय मोडली नव्हती. बायका पलीकडे बांधाच्या आडोशाला बसल्या होत्या.

बार उडायला लागले. ग्यानोबा मोजत नव्हता. मोजायला गेलं की दचकणं वाढतं, हे त्याला कळलं होतं. तो नुसता उभा होता. एक उडाला, दुसरा उडाला, पुढचे उडाले, आणि मध्येच कुठेतरी एक आवाज झाला तो त्याच्या पायांना लागलाच नाही. कानांना आला. दणकन आला. पण तळपायातून काही चढलं नाही. त्यानंतर आणखी एक-दोन बार उडाले, ते नेमके पायातून चढले. मग शांतता झाली.

त्याने बांधाकडे पाहिलं. कावेरीबाई उठली. तिने पदर खोचला.

म्हणजे सात. मग मधला तो आवाज? विहिरीची दरड ढासळली असेल. वरचा सैल थर बाराच्या हादऱ्याने सुटतो, हे त्याने शंभर वेळा पाहिलं होतं. दरड पडली तर आवाज येतो, पण पायाला लागत नाही. मग कावेरीने दरडीला बार धरलं असेल. पण हे सगळं त्याला वाटत होतं एवढंच. चहात साखर घातली की नाही हे ज्याला कळत नाही, त्याने आपल्या पायांवर विश्वास कसा ठेवायचा? त्या एका बारावेळी त्याचं डोकंच कुठेतरी गेलं असेल. असं रोज होत होतं. तिचं डोकं शाबूत होतं. तिने मोजलं होतं.

माणिकप्पा काठावर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होता. यारीवाल्याने इंजिन सुरू केलं. गावातल्या पाचसहा बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या, त्या उगीचच उभ्या होत्या. कावेरीबाई चालत बादलीपाशी पोचली, आणि तिने एक पाय आत टाकला.

ग्यानोबा लिंबाखालून अनवाणीच धावला. "थांब!" तो ओरडला. "उतरू नगंस!"

सगळे थबकले. माणिकप्पाने विचारलं, "काय झालं? किती झाले?"

"मला न्हाई ठावं."

"न्हाई ठावं मंजी?"

"मंजी न्हाई ठावं, मालक. सहा झाले का सात झाले, मला सांगता येत न्हाई."

कावेरीबाई पाय आत ठेवूनच उभी होती. तिला वाटलं, याचं डोकं गेलं, हा घाबरला, हा आता सगळं उघडं करणार. नवऱ्याला सावरायला ती बोलली आणि तिनेच उघडं केलं. "सातच झाले," ती म्हणाली. "सात झाले. मी सांगते की!"

बार मोजण्यावर बाई बोलली, हे ऐकूनही लोकांना क्षणभर कळलं नाही. मग माणिकप्पाने एकदा तिच्याकडे पाहिलं, तिच्या खोचलेल्या पदराकडे पाहिलं, आणि मग ग्यानोबाकडे. तो व्यापारी माणूस. त्याला हिशेब जुळायला वेळ लागत नाही.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून."

"आन पयल्या दिवशी?"

"पयल्या दिवशी मी अंदाजानं मनलो," ग्यानोबा म्हणाला. हे बोलताना तो पार्वतम्माकडे बघत नव्हता, पण ती ऐकत होती हे त्याला कळत होतं.

माणिकप्पाने इंजिन बंद करायला लावलं. तो शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं. तो फक्त म्हणाला, "घरला जा सगळे. आज कुणी उतरायचं न्हाई." मग गाडीकडे जाताना मागे वळून ग्यानोबाला म्हणाला, "मी इचारलं व्हतं तुला. दारात येऊन इचारलं व्हतं." ते त्याने रागाने म्हटलं असतं तर ऐकून घेता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी माणिकप्पाने उदगीरहून बसलिंगप्पाला आणलं. साठीचा माणूस, या धंद्यातला जुना, एका हाताची दोन बोटं गेलेला. तो एकटाच खाली उतरला. वर सगळे उभे होते. ग्यानोबाही होता. त्याला येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या मनात दोन इच्छा एकमेकींशी भांडत होत्या. खाली मुका बार सापडावा, म्हणजे आपले पाय अजून खरे आहेत हे दिसेल. आणि सापडू नये, कारण सापडला तर आपण काय करायला निघालो होतो हेही दिसेल.

बसलिंगप्पा पुष्कळ वेळाने वर आला आणि बादलीतून उतरता उतरता म्हणाला, "हाय. पूर्वेच्या कोपऱ्यात, दरडीखाली."

पूर्वेचा कोपरा म्हणजे जिथे बायका पाट्या भरायला बसायच्या तीच जागा. कावेरीबाई खाली बसली. ग्यानोबा तिच्याजवळ गेला तर तिने त्याचा हात धरला नाही आणि झिडकारलाही नाही.

बसलिंगप्पाने मुक्या बाराशेजारी एक छोटा बार लावून तो उडवला. मोठा, जड, एकच आवाज झाला. धूळ बसली तेव्हा पार्वतम्मा ग्यानोबापुढे येऊन उभी राहिली. ग्यानोबाला वाटलं, ही म्हणेल, वाचवलंस रे बाबा. माणूस किती वेडा असतो बघा. त्याही वेळी त्याला तसं वाटलं.

"काल बोललास ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर आदीचे दहा दिवस?"

पार्वतम्मा आणखी एक पाऊल पुढे आली.

"माझी सून घरी पोटुशी हाय. तिला मी मनलं, जाऊ दे मला, तितं ग्यानोबा हाय. कुणाच्या नावावर मी उतरत व्हते रं? आन तू गं?" ती कावेरीबाईकडे वळली. "माझी चटणी खात व्हतीस रोज. एकदा तरी तोंड उघडलंस?"

"मी पयल्या बादलीत बसत व्हते, आक्का," कावेरीबाई कशीबशी म्हणाली.

"तू मेली असतीस तर मी जिती ऱ्हायले असते का? मागल्या बादलीत मीच की!" पार्वतम्माचा आवाज चिरकला. मग पुढचं बोलली ते हळू बोलली, आणि ग्यानोबाला तेच जास्त लागलं. "सांगितलं असतंस तर आमी बी मोजलं असतं. चौगी बसून व्हताव की तितं, तोंड मिटून. आठ कान व्हते. एकीचा चुकला असता, चौगींचा चुकला नसता. डोक्याला मार लागला हे काय लपवायचं असतंय व्हय रं? तू काय चोरी केलीस?"

ग्यानोबा रडला नाही. त्याला रडायचंही सुचेना. इतके दिवस तो जे झाकत होता, ते या बाईने दोन वाक्यांत उघड्यावर ठेवलं होतं, आणि उघड्यावर ते एवढं भयंकर दिसतही नव्हतं. भयंकर होतं ते झाकणं. हे त्याला आता कळलं, विहिरीच्या काठावर, सगळ्यांसमोर, मोजण्याचं काम गेल्यावर.

माणिकप्पाने त्याला काढलं नाही. त्याने त्याला शिरूरच्या रस्त्यावर उभं केलं, एका काठीला लाल फडकं बांधून. बार पेटवायच्या आधी येणारं-जाणारं थांबवायचं, विहिरीवरून शिट्टी वाजली की सोडायचं. विहिरीपासून सगळ्यांत लांबची जागा. पाटी उचलण्याहूनही हलकं काम. ग्यानोबाने काठी घेतली. कावेरीबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण ती बायकांत जाऊन बसली तेव्हा पार्वतम्माने तिला सरकून जागा दिली. चटणी दिली नाही. जागा दिली.

दुपारी बसलिंगप्पाने पाच बार लावले. ग्यानोबाने रस्त्यावर एक बैलगाडी थांबवली. गाडीवाला म्हातारा उतरून सावलीला बसला. पहिला बार उडाला, आणि त्याबरोबर विहिरीकडून बायकांचा आवाज आला, मोठ्याने, चौघींचा मिळून.

"एक!"

बसलिंगप्पा तिकडे त्यांच्यावर ओरडला असावा. बार उडताना बोलायचं नसतं, हे त्याला त्याच्या गुरूने शिकवलं असणार. पार्वतम्मा त्याला काहीतरी उलट बोलली. एवढ्या लांबून शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. दुसरा बार उडाला.

"दोन!"

त्या चार आवाजांत कावेरीचा आवाज ग्यानोबाला वेगळा ओळखू आला. तोही त्यांच्याबरोबर मोजायला लागला. त्याने चपला काढल्या. तिसरा बार उडाला, तो दचकला, आणि आकडा गेला. म्हातारा त्याच्याकडे बघत होता. ग्यानोबाचे ओठ हलत होते, पण त्यांतून काही येत नव्हतं. तिकडे मात्र त्या चुकल्या नाहीत. तीन म्हणाल्या, चार म्हणाल्या, पाचवा उडाल्यावर पाच म्हणाल्या आणि थांबल्या.

शिट्टी वाजली. ग्यानोबाने काठी खाली केली.

"झालं का बाबा? जाऊ का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"जावा," ग्यानोबा म्हणाला. "पाच लावले, पाच उडाले. त्या मनल्यात." आणि मग त्याला रडू आलं, गाडी पार दिसेनाशी झाली तरी तो रस्त्याच्या कडेला उभा राहून रडत होता.